काट्यावरची पायथन ३.११ : सपोर्टेड आवृत्त्यांची यादी ओलांडून पॅकेज बांधल्याचे एक प्रकरण

या लेखातील गावे, संस्था आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. तांत्रिक घटनांचा क्रम आणि प्रत्येक टप्प्यावर आम्ही काय ठरवले, ते मात्र घडले तसेच लिहिले आहे. यातील बहुतेक निर्णयांना माझी संमती होती, त्यामुळे त्यांची जबाबदारीही माझीच आहे.

## पार्श्वभूमी

लातूर, धाराशिव आणि बीड या जिल्ह्यांतील काही मोंढ्यांत शेतमालाच्या वजनकाट्यांवर चालणारी एक प्रणाली आमच्या सहा जणांच्या गटाकडे देखभालीला आहे. काट्याच्या इंडिकेटरवरून वजन संगणकात येते, मुनीम शेतकऱ्याचे नाव, गाव, माल आणि पोत्यांची संख्या भरतो, थर्मल प्रिंटरवर देवनागरीत काटापट्टी छापली जाते आणि तीच नोंद पोस्टग्रेस डेटाबेसात जाते. असे चौदा काटे आहेत. पट्टी हातात पडल्याशिवाय शेतकरी काट्यावरून हलत नाही, आणि तो हलला नाही तर त्याच्यामागचा ट्रॅक्टर पुढे येत नाही. आमच्या कामाची खरी कसोटी तिथे लागते.

प्रणाली पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली आहे. तिचे दोन भाग या प्रकरणात महत्त्वाचे ठरले. पहिला भाग छपाईचा. थर्मल प्रिंटरच्या स्वतःच्या अक्षरसंचाला जोडाक्षरे जमत नाहीत, म्हणून आम्ही सी भाषेत एक छोटे एक्स्टेन्शन, म्हणजे पायथनला जोडून वापरायचा भाग, लिहिले होते. ते पायथनकडून मजकूर घेते, हार्फबझ या लायब्ररीकडून त्याची जोडाक्षरे आणि मात्रा जुळवून घेते आणि तयार झालेले चित्र प्रिंटरला पाठवते. दुसरा भाग इंडिकेटरशी बोलण्याचा. इंडिकेटरची सिरियल वायर एका कन्व्हर्टरमधून लॅनवर आणलेली आहे आणि त्या कन्व्हर्टरशी आमचा प्रोग्राम पायथनसोबत येणाऱ्या टेलनेटलिब या मॉड्यूलमधून (नेटवर्कवरून टेलनेट या जुन्या पद्धतीने बोलणाऱ्या तयार कोडमधून) संवाद साधत होता.

हे सगळे आम्ही डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची पॅकेजे (प्रोग्राम बसवण्याचे तयार गठ्ठे) बांधून, स्वतःच्या छोट्या रिपॉझिटरीतून, म्हणजे पॅकेजांच्या साठ्यातून, काट्यांवर पोचवतो. मोंढ्यात जाणारा आमचा मदतनीस संगणकशास्त्र शिकलेला नाही, पण एका आज्ञेत सगळे बसते आणि एका आज्ञेत निघते, हे त्याला पक्के ठाऊक आहे. ही सोय आम्हाला फार मोलाची वाटते आणि ती टिकवण्याच्या धडपडीतच हे प्रकरण घडले.

पुढचे समजण्यासाठी डेबियनची एक पद्धत सांगणे आवश्यक आहे. डेबियनच्या प्रत्येक प्रकाशनात पायथनची एक मूळ आवृत्ती असते आणि तिच्यासोबत सपोर्टेड आवृत्त्यांची एक यादी असते. डेबियन १२ मध्ये त्या यादीत फक्त ३.११ आहे आणि डेबियन १३ मध्ये फक्त ३.१३. एका आवृत्तीवरून दुसरीवर जाण्याच्या संक्रमणकाळात, पुढच्या प्रकाशनाची तयारी जिथे चालते त्या टेस्टिंग शाखेत काही महिने दोन आवृत्त्या एकत्र नांदतात. पॅकेज बांधताना पायबिल्ड आणि डीएच-पायथन३ ही साधने हीच यादी विचारतात, यादीतल्या प्रत्येक आवृत्तीसाठी सी एक्स्टेन्शन वेगळे संकलित करतात आणि तयार झालेल्या फाईलच्या नावातच ती कोणत्या आवृत्तीची आहे हे लिहितात. सगळी पायथन ३ मॉड्यूले डिस्ट-पॅकेजेस या एकाच सामायिक फोल्डरात राहतात. साधी पायथन फाईल तिथून कोणतीही आवृत्ती वाचू शकते, पण ३.११ ची म्हणून शिक्का बसलेली एक्स्टेन्शन फाईल ३.१३ ला दिसतच नाही. ती तिच्या दृष्टीने अस्तित्वात नसते.

ही यादी ओलांडण्याची सोयही डेबियनने दिली आहे. डेबपायथन३_सपोर्टेड आणि डेबपायथन३_डीफॉल्ट असे दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (साधनांना बाहेरून सूचना देण्यासाठी ठेवलेली नावे) आहेत. डीएच-पायथन३ च्या मॅन्युअलमध्ये उदाहरण म्हणून ‘३.२,३.३’ अशी किंमत दिली आहे आणि ती दिली की यादी त्या दोन आवृत्त्यांपुरती मर्यादित होते, असे स्पष्ट लिहिले आहे.

## समस्या

ऑगस्ट २०२५ मध्ये जुने संगणक बदलून नवे छोटे संगणक घेतले गेले. त्यांच्यातली नेटवर्क चिप डेबियन १२ च्या ६.१ कर्नेलला (हार्डवेअर हाताळणाऱ्या सिस्टिमच्या गाभ्याला) ओळखता येईना. त्याच महिन्यात, ९ ऑगस्टला, डेबियन १३ प्रकाशित झाले होते. त्याच्या ६.१२ कर्नेलवर चिप लगेच चालू झाली. मूग-उडदाची आवक सुरू होत होती, दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन येणार होते, आणि त्याआधी नवे संगणक काट्यांवर बसवायचे होते.

डेबियन १३ वर आमचे पॅकेज बांधायला घेतले तेव्हा ते दोन ठिकाणी अडले. छपाईचे एक्स्टेन्शन पायथनच्या मजकुराला हात घालण्यासाठी पाययुनिकोड_अ‍ॅझयुनिकोड हे फंक्शन वापरत होते. पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, ते कालबाह्य म्हणून नोंदलेले होते आणि ३.१२ मध्ये काढून टाकले गेले. टेलनेटलिबची गोष्ट थोडी निराळी आहे. पायथनसोबतच्या जुन्या मॉड्यूलांना निरोप देण्याच्या प्रस्तावानुसार ते ३.११ मध्ये कालबाह्य ठरले आणि ३.१३ मध्ये गेले. आम्ही दोन वर्षे ३.११ वरच होतो, तरी इशारा कधी डोळ्यांसमोर आला नाही, कारण असा इशारा मुख्य फाईलबाहेरच्या मॉड्यूलमधून आला तर पायथन तो एरवी दाखवत नाही. आमच्या चाचण्यांमध्येही आम्ही ते इशारे उघडे ठेवले नव्हते.

प्रश्न असा उभा राहिला की प्रोग्राम नव्या पायथनजोगा करायचा, की नव्या डेबियनवर जुने पायथन न्यायचे.

## विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय डेबियन १२ वरच थांबण्याचा होता. डेबियन १२ ला सुरक्षा-सुधारणा जून २०२६ पर्यंत नेहमीच्या पद्धतीने आणि त्यानंतर दीर्घकालीन देखभालीतून जून २०२८ पर्यंत मिळणार, हे आम्हाला माहीत होते. तरीही नेटवर्क चिपमुळे हा पर्याय आम्ही पाच मिनिटांत बाजूला ठेवला. ही घाई होती, आणि तिच्याबद्दल पुढे लिहिले आहे.

दुसरा पर्याय म्हणजे ३.११ आणि आमची सगळी मॉड्यूले एका स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये घालून तो संपूर्ण गठ्ठा एका पॅकेजात देणे. त्यात सुरक्षा-सुधारणांची सगळी जबाबदारी आमच्या अंगावर आली असती, म्हणून तो नको वाटला. कंटेनरचा, म्हणजे प्रोग्राम बाकी संगणकापासून वेगळा चालवणाऱ्या बंदिस्त चौकटीचा, विषयही निघाला, पण प्रिंटर, काटा आणि कंटेनर यांची सांगड मोंढ्यातल्या मदतनीसाला समजावणे आम्हाला अवघड वाटले आणि चर्चा तिथेच थांबली.

तिसरा पर्याय सरळ होता : दोन्ही अडचणी दुरुस्त करून प्रोग्राम ३.१३ जोगा करणे. सी एक्स्टेन्शन लिहिणारा सहकारी दीड वर्षापूर्वी गट सोडून गेला होता. देवनागरी छपाईचा कोड उघडायचा म्हटले की सगळ्यांच्या पोटात गोळा यायचा, कारण त्यात चूक झाली तर ती शेतकऱ्याच्या नावात दिसते. हंगामाच्या तोंडावर तो धोका नको, असे मत पडले.

चौथा पर्याय पॅकेजिंग पाहणाऱ्या सहकाऱ्याने मांडला. डेबियन १२ मधील पायथन ३.११ चा सोर्स (मूळ कोड) घेऊन तो डेबियन १३ वर बांधायचा आणि आमच्या रिपॉझिटरीत ठेवायचा. मग आमचे पॅकेज कसे बांधायचे ते सांगणाऱ्या रूल्स फाईलमध्ये डेबपायथन३_सपोर्टेड ची किंमत ३.११ अशी निर्यात करायची. पायबिल्ड ३.१३ कडे बघणार नाही, कोडला हात लावावा लागणार नाही, आणि सगळे पूर्वीप्रमाणेच पॅकेजातून जाईल. काम दोन दिवसांचे होते.

## पहिला निर्णय आणि त्याचा परिणाम

आम्ही चौथा पर्याय निवडला. त्या बैठकीत मी फक्त एक प्रश्न विचारला : ‘‘बिल्ड होईल का?’’ म्हणजे पॅकेज बांधले जाईल का. उत्तर होकारार्थी होते आणि खरेही होते. विचारायला हवा होता तो प्रश्न असा, की या यादीवर बिल्डनंतर आणखी कोण कोण अवलंबून आहे.

बिल्ड झाले. चाचण्याही पार पडल्या. पॅकेज एका मोंढ्यातल्या दोन काट्यांवर प्रायोगिक म्हणून बसवले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मदतनीसाचा फोन आला : ‘‘ताई, सर्व्हिसच उठंना गेली. तांबड्या अक्षरात कायतरी दाखवायलंय.’’

लाल अक्षरांत लिहिले होते की छपाईचे मॉड्यूल सापडत नाही. फाईल तर डिस्कवर होती. कारण शोधायला तासभर गेला, पण एकदा कळल्यावर ते अगदी स्वच्छ होते. आमचे व्हेरिएबल फक्त पॅकेज बांधणाऱ्या संगणकावर, फक्त बांधण्याच्या वेळी लागू झाले होते. त्यामुळे एक्स्टेन्शन फक्त ३.११ चा शिक्का घेऊन तयार झाले. पण प्रोग्रामची सुरुवातीची ओळ नेहमीप्रमाणे साध्या पायथन३ कडे बोट दाखवत होती, आणि काट्यावरच्या संगणकावर पायथन३ म्हणजे ३.१३. पॅकेज बसवताना मॉड्यूलांचे बाइटकोड (पायथनला लवकर वाचता येणारे रूप) तयार करणारे पाय३कंपाईल हे साधनही काट्यावरच्या संगणकाची यादी वाचते, आमची नव्हे. म्हणजे बांधणाऱ्या संगणकावर आम्ही एक घोषणा केली होती आणि ज्यांनी ती ऐकायला हवी त्या चौदा संगणकांपर्यंत ती पोचण्याची काही व्यवस्थाच नव्हती.

पॅकेजाच्या डिपेंडन्सीमध्येही (त्याला लागणाऱ्या इतर पॅकेजांच्या यादीतही) हे दिसायला हवे होते. तिथे पायथन३ चे नाव होते, पण पायथन ३.११ या आमच्या पॅकेजाचे नाव आपोआप आलेले नव्हते. बांधणाऱ्या संगणकावर ते आधीच बसलेले असल्याने कोणाच्या लक्षात आले नाही. पॅकेज तयार झाल्यावर त्याची डिपेंडन्सीची ओळ वाचायला एक मिनिट लागते, आणि ते एक मिनिट आम्ही दिले नाही.

## दुसरा निर्णय : चूक पुढे नेण्याचा

या टप्प्यावर थांबून चौथा पर्याय सोडून देता आला असता. दोनच काटे बंद होते आणि त्यांच्या शेजारी जुने संगणक अजून जागेवर होते. पण आपण उपायाच्या अगदी जवळ आहोत, असे सगळ्यांना वाटत होते. या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी जागा हीच आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबते.

आम्ही ३.११ ची डिपेंडन्सी हाताने लिहिली आणि सर्व्हिस फाईलमध्ये पायथन३ ऐवजी पायथन ३.११ असे नाव घातले. छपाईचे मॉड्यूल आता सापडले. पुढच्याच ओळीला डेटाबेसशी बोलणारे सायकॉपजी२ अडले, आणि ते दूर केले असते तर त्यामागे चित्रांसाठीचे पिलो अडणार होते. ही दोन्ही डेबियनची पॅकेजे आहेत, दोन्हींत सी एक्स्टेन्शन आहे, आणि डेबियन १३ ने ती अर्थातच फक्त ३.१३ साठी बांधलेली आहेत. शुद्ध पायथनमध्ये लिहिलेली मॉड्यूले मात्र सामायिक फोल्डरातून ३.११ ला व्यवस्थित मिळत होती. म्हणून अर्धे चालत होते, अर्धे नव्हते, आणि हे अर्धे चालणेच आम्हाला पुढे खेचत राहिले.

मग आमच्या चाचण्या पार कशा पडल्या होत्या? बिल्ड स्वच्छ वातावरणात झालेच नव्हते. ते सहकाऱ्याच्या रोजच्या वापरातल्या संगणकावर झाले होते. तो संगणक डेबियन १२ वरून १३ वर नेलेला होता आणि कधीकाळी तिथे पिप या पायथनच्या साधनाने यूझर-लोकल भागात, म्हणजे त्या वापरकर्त्याच्या स्वतःच्या पायथन ३.११ च्या फोल्डरात, हीच दोन मॉड्यूले बसवलेली होती. आम्ही बांधलेले ३.११ आले आणि त्याला ती जुनी मॉड्यूले आयती सापडली. चाचणी ज्या गोष्टीच्या जोरावर पार पडली ती गोष्ट कोणत्याही पॅकेजात नव्हती.

तेव्हा आम्ही सायकॉपजी२ आणि पिलो यांचेही डेबियन १३ मधले सोर्स घेतले आणि यादीची किंमत ‘३.११,३.१३’ अशी करून ती दोन्ही पुन्हा बांधली. दोन्ही आवृत्त्यांच्या फाईली एका पॅकेजात आल्या. काटे सुरू झाले. पुढचे नऊ दिवस ते चालू राहिले आणि आम्ही आणखी चार काटे त्यावर नेले.

## तिसरा प्रसंग

दहाव्या दिवशी सकाळी सहाही काटे बंद होते.

आदल्या रात्री अनअटेंडेड-अपग्रेड्स या, सुधारणा आपोआप बसवणाऱ्या सेवेने तिचे नेहमीचे काम केले होते. आमच्या पुनर्बांधणीच्या पॅकेजांना आम्ही बॅकपोर्टच्या (नवे पॅकेज जुन्या प्रकाशनासाठी बांधण्याच्या) सवयीने, मूळ आवृत्तीक्रमांकापुढे टिल्ड (~) लावून आमचा प्रत्यय जोडला होता. डेबियनच्या क्रमवारीत टिल्ड असलेला क्रमांक टिल्ड नसलेल्या त्याच क्रमांकाच्या खाली येतो. बॅकपोर्टसाठी हे अगदी योग्य आहे, कारण संगणक पुढच्या प्रकाशनावर नेला की खरे पॅकेज आपोआप वर येते. पण आमच्या बाबतीत त्याचा अर्थ असा झाला की डेबियनची मूळ पॅकेजे आमच्यापेक्षा नवी ठरली आणि त्यांनी आमच्या पॅकेजांची जागा घेतली. पहिले नऊ दिवस ते का झाले नाही, याचे कारण एवढेच की त्या काट्यांवर अपग्रेडची सेवा बसवण्याचे काम उशिरा झाले होते.

सहकाऱ्याने लगेच सुचवले की टिल्डऐवजी अधिक चिन्ह लावून ‘लोकल’ असा प्रत्यय देऊ, म्हणजे आमचे पॅकेज वर राहील. कागदावर लिहून पाहिल्यावर मी थांबवले. डेबियनची सुरक्षा-सुधारणा येते तेव्हा तिच्या क्रमांकात अधिक चिन्हानंतर ‘डेब’ आणि प्रकाशनाचा क्रमांक असतो. इंग्रजी अक्षरक्रमात ‘डेब’चे डी हे ‘लोकल’च्या एलच्या आधी येते, त्यामुळे आमचे पॅकेज त्या सुधारणेपेक्षाही वरचे ठरले असते. पिलोमध्ये उद्या सुरक्षेची त्रुटी निघाली आणि डेबियनने ती दुरुस्त केली, तरी ती दुरुस्ती आमच्या काट्यांवर कधीच पोचली नसती, आणि ती पोचली नाही हे आम्हाला कोणी सांगितलेही नसते. खाली राहिलो तर काटे बंद पडतात, वर राहिलो तर दुरुस्त्या अडतात. पॅकेजे पिन करून, म्हणजे त्याच आवृत्तीवर अडकवून, ठेवली असती तरी दुरुस्त्या अडण्याचा प्रश्न तसाच राहिला असता. यादीतल्या एका आवृत्तीसाठी आम्ही तीन परक्या पॅकेजांची देखभाल आपल्या अंगावर घेतली होती, आणि तिसरे पॅकेज तर खुद्द पायथनचा इंटरप्रिटर, म्हणजे पायथन चालवणारा प्रोग्राम होता.

त्या दिवशी सहा काट्यांवर मुनीमांनी कच्च्या पट्ट्या हाताने लिहिल्या. मोंढ्यातल्या लोकांनी आम्हाला वाईट बोलले नाही, पण रात्री आठपर्यंत बसून त्या पट्ट्या पुन्हा संगणकात भरताना मला जे वाटले, त्यातूनच पुढचा निर्णय झाला.

## माघार आणि दुरुस्ती

दुसऱ्या दिवशी सहाही काट्यांवर जुने संगणक परत लावले. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने त्या वर्षी मराठवाड्यात पिकांची आणि रस्त्यांची जी दैना झाली, तिच्यामुळे सोयाबीनची आवक लांबली. त्या संकटात आम्हाला वेळ मिळाला, हे लिहिताना बरे वाटत नाही, पण तो मिळाला हे खरे आहे.

मग ज्या कोडला हात लावायला आम्ही घाबरत होतो, तो उघडला. इंडिकेटरचा भाग सोपा निघाला. इंडिकेटर साधे आस्की अंक आणि ओळीच्या शेवटी एक खूण पाठवतो, टेलनेटचे कोणतेही नियम त्या संवादात लागत नव्हते. टेलनेटलिब काढून साधे सॉकेट (थेट नेटवर्क जोडणी) वापरले, कालमर्यादा स्पष्ट लिहिली, आणि ते काम अर्ध्या दिवसात संपले.

छपाईच्या भागाने चार दिवस घेतले आणि त्यातला एक दिवस आमच्या चुकीच्या निवडीचा होता. पहिल्यांदा आम्ही पायथनच्या मजकुराचे यूटीएफ-८ रूप (अक्षरे बाइटांत साठवण्याची एक पद्धत) घेऊन हार्फबझला दिले. अक्षरे सुरेख जुळली, पण लांब नावे ओळीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच तुटून खाली जाऊ लागली. कारण असे, की हार्फबझ प्रत्येक आकारासोबत तो मूळ मजकुरात कुठून आला याचा क्रमांक देते. यूटीएफ-८ दिले तर हा क्रमांक बाइटांचा असतो, आणि देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. आमचा ओळ तोडणारा कोड ते क्रमांक अक्षरांचे समजत होता. मग पाययुनिकोड_अ‍ॅझयूसीएस४कॉपी हे फंक्शन घेऊन हार्फबझला यूटीएफ-३२ रूप दिले, ज्यात प्रत्येक चिन्हाला सारखीच जागा असते. क्रमांक पुन्हा अक्षरांचे झाले आणि ओळ तोडणारा कोड जसाच्या तसा चालला. एक काळजी मात्र नव्याने घ्यावी लागली. जुने फंक्शन मजकुराच्या आतल्या स्मृतीकडे बोट दाखवत असे, नवे फंक्शन प्रत्येक वेळी प्रत काढून देते आणि ती प्रत मोकळी करणे आपल्यावर असते. ते विसरलो असतो तर दिवसभर पट्ट्या छापणारा प्रोग्राम हळूहळू स्मृती खात राहिला असता.

चाचणीसाठी आम्ही मागच्या हंगामातील पट्ट्यांवरून जोडाक्षरांची नावे गोळा केली. ज्ञानोबा, लक्ष्मीबाई, कृष्णा, त्र्यंबक, ज्योत्स्ना ही नावे त्यात होती. प्रत्येकाचे जुन्या एक्स्टेन्शनने काढलेले चित्र आणि नव्याने काढलेले चित्र बिंदूला बिंदू जुळते का, हे तपासले. बदललेल्या सी कोडच्या ओळी मोजल्या तेव्हा त्या चाळिसाच्या आत भरल्या.

पॅकेजाच्या रूल्स फाईलमधून डेबपायथन३_सपोर्टेड ची ओळ काढून टाकली. आता तोच सोर्स एस-बिल्ड या साधनाच्या स्वच्छ वातावरणात डेबियन १२ साठी वेगळा आणि १३ साठी वेगळा बांधला जातो. प्रत्येक ठिकाणी त्या प्रकाशनाची यादी जी सांगेल तीच आवृत्ती वापरली जाते, आणि कोड ३.११ च्या खाली चालत नाही एवढेच पॅकेजाची माहिती असलेल्या कंट्रोल फाईलमध्ये एक्स-पायथन३-व्हर्जन या नोंदीने सांगितले आहे. शिवाय ऑटोपॅकेजटेस्ट या डेबियनच्या चाचणी-व्यवस्थेत एक चाचणी घातली. ती तयार पॅकेज कोऱ्या वातावरणात बसवते, त्या वातावरणाला त्याच्या सपोर्टेड आवृत्त्या विचारते आणि प्रत्येकीत छपाईचे मॉड्यूल उघडून एक पट्टी काढते. ही चाचणी आधी असती तर पहिलाच प्रकार मोंढ्यात पोचण्यापूर्वी पकडला गेला असता.

## परिणाम

ऑक्टोबरच्या मध्यापासून नवे संगणक डेबियन १३ आणि ३.१३ सह टप्प्याटप्प्याने बसवले गेले. बारा काट्यांवर ते चालू आहेत आणि अनअटेंडेड-अपग्रेड्स रोज रात्री चालते. पायथन ३.११, सायकॉपजी२ आणि पिलो यांची आमची पॅकेजे रिपॉझिटरीतून काढली. उरलेले दोन काटे जुन्या संगणकांसह डेबियन १२ वर आहेत आणि त्यांना त्याच सोर्समधून बांधलेले पॅकेज जाते.

## काय वेगळे करता आले असते

डेबियन १२ वर थांबण्याचा पर्याय आम्ही नीट पाहिला नाही. अडचण कर्नेलची होती आणि बुकवर्मच्या, म्हणजे डेबियन १२ च्या, बॅकपोर्ट शाखेतून नवे कर्नेल घेता येत होते. तसे केले असते तर नवे संगणक, जुने पायथन आणि न बदललेला प्रोग्राम अशी जुळणी एका हंगामापुरती सुरक्षित राहिली असती आणि कोडची दुरुस्ती उन्हाळ्यात निवांत करता आली असती. माझ्या मते सर्वांत योग्य मार्ग हाच होता. आम्ही कर्नेल आणि संपूर्ण प्रकाशन यांना एकच गोष्ट समजलो.

यादी ओलांडण्याची सोय वाईट आहे, असे मी म्हणणार नाही. संक्रमणकाळात यादीत दोन आवृत्त्या असताना एकीत चाचणी अडली, तर शोध घेईपर्यंत बिल्ड दुसरीपुरते मर्यादित ठेवायला ती उपयोगी पडते. पुढे येणाऱ्या आवृत्तीवर आपला कोड बांधला जातो का, हे आधी पाहायलाही तिचा चांगला उपयोग होतो, आणि आम्ही आता ती तशीच, फक्त तपासणीच्या बिल्डमध्ये, काट्यांवर न जाणाऱ्या पॅकेजांसाठी वापरतो. आमची चूक अशी झाली की ज्या प्रकाशनात ३.११ नाही तिथे ती आहे असे आम्ही बिल्डला सांगितले, आणि प्रकाशनातले बाकी सगळे तिच्याशिवायच बांधलेले आहे याकडे पाहिले नाही. शुद्ध पायथनचे मॉड्यूल असते तर बहुधा निभावले असते. सी एक्स्टेन्शन असलेली एक जरी डिपेंडन्सी असेल, तर ती ओळ लिहिण्यापूर्वी त्या सगळ्या डिपेंडन्सींची नावे कागदावर काढावीत आणि त्यांची देखभाल आपण किती काळ करणार आहोत, हे प्रत्येक नावापुढे लिहावे. आमच्या कागदावर तीन नावे आली असती आणि तिन्हींपुढची जागा कोरी राहिली असती.

पहिल्या बिघाडानंतर थांबण्याचा निकषही आधी ठरवायला हवा होता. आता प्रायोगिक काट्यावर बसवण्यापूर्वी आम्ही लिहून ठेवतो की कोणती गोष्ट घडली तर दुरुस्तीचा प्रयत्न न करता जुने परत लावायचे. मदतनीसालाही तो कागद दिलेला असतो आणि आम्हाला न विचारता परत लावण्याचा अधिकार त्याला आहे.

एक काम अजून बाकी आहे. छपाईचे एक्स्टेन्शन पायथनच्या स्थिर एबीआयवर (आवृत्ती बदलली तरी न बदलणाऱ्या फंक्शनांच्या संचावर) बांधले, तर त्याच्या फाईलवर एका आवृत्तीचा शिक्का बसत नाही आणि तीच फाईल पुढच्या आवृत्त्यांनाही दिसते. आम्ही आता वापरत असलेले यूसीएस४ प्रतीचे फंक्शन ३.७ पासून त्या स्थिर संचात आहे. एक्स्टेन्शनमधली बाकीची तीन फंक्शने त्या संचात आहेत की नाहीत, हे तपासण्याचे काम पॅकेजिंग पाहणाऱ्या सहकाऱ्याने तुरीचा हंगाम संपल्यावर हाती घ्यायचे ठरवले आहे.